ग्रुपवरचा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात कसा उतरवावा

मतदार यादीत नाव आहे का ते आधी बघा. यादीतलेच ग्रामसभेचे सदस्य. नसेल तर फॉर्म 6 भरा, मोबाइलवरही भरता येतो.

ग्रुप काढायला तुम्हाला शिकवायला नको. फक्त एका वेळी एकच प्रश्न घ्या. गटार, स्मशानशेड आणि व्यायामशाळा एकत्र आणलीत की भांडण ठरलेलं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा चाळा. काम त्यात आधीच असेल तर मागणी कसली करता, हिशेब मागा.

आता खरी गोम. ‘रील व्हायरल करा, प्रशासन हलतं’ असं सांगणाऱ्याने प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायची वही, कधी उघडलेलं नसतं. वाडीच्या रस्त्यावर दिवे हवेत म्हणून आमच्या ग्रुपवर दीडेकशे अंगठे पडले होते. सभेला आलो अकरा जण. मी तावातावाने बोललो, टाळ्याही पडल्या. महिन्याने इतिवृत्त पाहिलं तर दिव्यांचं नावसुद्धा नाही! विषयपत्रिकेत विषयच नव्हता, आणि ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत निम्मी सभा चहाला उठली होती. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा. एक हुकली की पुढची येईपर्यंत अंधारच.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा अर्ज त्याच्याही आधी गेला पाहिजे, आणि कागदावर. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र भाऊसाहेबच. ते म्हणतील, “ठेवून जा, बघतो.” ठेवून गेलात की कागद गेला. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख पडेपर्यंत खुर्ची सोडू नका. ठरावाचा मजकूरही तुम्हीच लिहून द्या: कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, किती दिवे. ‘वाडीत उजेड व्हावा’ असल्या मोघम ठरावाचं काही होत नाही. सूचक आणि अनुमोदक आदल्या रात्रीच पक्के करा.

गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांचे 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा लागतो. ग्रुपवर ‘येतो’ लिहिणाऱ्यांवर विसंबू नका, सकाळी दारात जाऊन हाक मारा. सभेत लाइव्ह करत बसू नका. त्या नादात आमचा एक गडी नेमका हात वर करायच्या वेळी बाहेर रेंज शोधत होता. सभा संपण्याआधी ठराव मोठ्याने वाचून घ्या.

नंतर ठरावाची प्रत मागा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. प्रतीचा फोटो मात्र ग्रुपवर जरूर टाका, ठराव क्रमांक नीट वाचता येईल असा.