राज्य का बुडालं, ते कसं शोधावं: थिबा, आंग्रे आणि जंजिरा

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून बहुतेक जण एवढंच घेऊन परततात, की राजा दुबळा आणि राणी सुपयालत कजाग, म्हणून ब्रह्मदेश गेला. स्वभावावर खापर फोडलं की शोध तिथेच थांबतो. कागदावर तीन रकाने आखा: महसूल, वारसा, कडेचे मुलूख. शेवटच्या लढाईआधीची निदान साठ वर्षं भरा. लढाई सर्वांत शेवटी लिहा.

महसुलाचा रकाना सर्वांत जास्त बोलतो. 1826 मध्ये आराकान आणि तेनासरीम इंग्रजांकडे गेले, 1852 मध्ये पेगू. किनारा संपला, इरावतीच्या मुखाकडचं भात गेलं. राजधानी मंडालेला तांदूळ इंग्रजांच्या मुलखातून आणावा लागला. बंदर गेलं की जकात जाते, हे कोकणात वेगळं सांगायला नको. वारसा: 1878 मध्ये थिबा गादीवर, 1879 मध्ये राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल. कडेला 1880 नंतर शान जमातीचे सरदार उठले. मग 1885: सागवानाच्या इंग्रजी कंपनीला दंड, ते निमित्त, दोन-तीन आठवड्यांत मंडाले पडलं, आणि 1 जानेवारी 1886 ला राज्य खालसा.

आंग्र्यांच्या बाबतीत सुरुवात वारशाच्या रकान्यातून होते. 1729 मध्ये कान्होजी गेले, 1733 मध्ये सेखोजी; पुढे मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गला. संभाजीनंतर आलेला त्याचा भाऊ तुळाजी पेशव्यांना जुमानेना, तेव्हा पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेतलं. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग गेला, 1756 मध्ये विजयदुर्ग, आणि बंदरातलं आरमार जळालं.

अनेक भाषांच्या साम्राज्यासाठी चौथा रकाना जोडा: हुकूम आधी कुणी मानेनासं झालं, राजधानीनं की कडेनं? रशियात 1917 मध्ये आधी राजधानी पेट्रोग्राडचं लष्करच फिरलं, प्रांत मागाहून सुटले. ऑस्ट्रिया-हंगेरीत उलट: 28 ऑक्टोबर 1918 ला कडेचं प्राग वेगळं झालं, सम्राट कार्ल 11 नोव्हेंबरला बाजूला झाला. दोन्हीकडे त्याआधी युद्ध आणि शहरातली अन्नटंचाई होतीच, त्यामुळे महसुलाच्या रकान्यात धान्यही धरा.

शेवटी न पडलेलं एक राज्य याच रकान्यांत बसवून बघा. ही पायरी लोक हमखास गाळतात. 1733 मध्ये जंजिऱ्यातही वारसाचं भांडण पेटलं, बाजीराव चालून गेला, तरी किल्ला पडला नाही, आणि संस्थान 1948 पर्यंत राहिलं. म्हणून आंग्र्यांच्या कागदावर फक्त ‘भाऊबंदकी’ लिहिली असेल, तर तो रकाना पुन्हा भरावा लागेल.