नमुने घेऊन मशीनवर निघण्याआधी

जळगावात पेशी रंगवून नाशिक-पुण्याकडच्या फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिच्यावरचा रंग मोजणारं मशीन) न्यायच्या असतील, तर सगळ्यात आधी एकरंगी ट्यूब मोजा. पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र वापरायच्या रंगीत अँटिबॉडींच्या संचात, जितके रंग तितक्या ट्यूब, प्रत्येकीत एकच रंग, आणि वर एक बिनरंगाची. मागच्या खेपेला त्या राहिल्या आणि बाकीचं सगळं नीट असूनही डेटा वाया गेला.

ग्लोव्ह्ज, टिप्स, मार्कर यांचं सांगत बसत नाही. रक्त कशात घ्यायचं ते मात्र आधी ठरवा. पेशींना एकमेकींशी चिकटवणारे पृष्ठभागावरचे रेणू, सीडी54 (म्हणजेच आयकॅम-1) किंवा सीडी11ए, किती आहेत एवढंच बघायचं तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची जांभळी ट्यूब चालते. एलएफए-1 (सीडी11ए ज्याचा भाग आहे तो रेणू) सक्रिय झालाय का हे दाखवणारी अँटिबॉडी वापरणार असाल तर हेपॅरिनची हिरवी घ्या. त्या अँटिबॉडीला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच धरून ठेवतं. फ्लास्कला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, मोजायचे रेणूच कातरले जातील.

सीडी62एल (पांढऱ्या पेशींवरचा आणखी एक चिकटणारा रेणू) मोजायचा असेल तर रेंगाळू नका. पेशी चाळवली की एडॅम17 हे एन्झाइम तो रेणू पृष्ठभागावरून छाटून टाकतं, मग रंग लागणार कशाला? धुळ्या-नंदुरबारहून नमुना दुपारच्या एसटीने मागवायचा विचार असेल तर सोडून द्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, त्यात लाइटीचा भरवसा नाही. अँटिबॉडी 2 ते 8 अंशांत, अंधारात. पण उन्हाच्या धास्तीने व्हायल थेट आइसपॅकला टेकवू नका. पीई आणि एपीसी हे अँटिबॉडीला जोडलेले रंग गोठले की गेलेच. मध्ये पुठ्ठा घाला.

एकरंगी ट्यूब भरल्या? ‘तिथे गेल्यावर बघू’ अजिबात नको, तिथे तुमच्याकडे ताज्या पेशी नसतात. एफआयटीसी या रंगाचा उजेड 520 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, पण त्याची शेपटी पीईच्या डिटेक्टरमध्ये शिरते. किती वजा करायचं हे मशीन या ट्यूबवरूनच ठरवतं. सीडी54 ची अँटिबॉडी पीईची असेल तर शांत लिम्फोसाइटवर ती फिकी दिसते, म्हणून पीईच्या ट्यूबमध्ये सीडी45-पीईसारखी झगझगीत अँटिबॉडी घाला. पीई-सीवाय7सारख्या टँडेमला (दोन रंग जोडून केलेल्या रंगाला) ही सूट नाही. तिथे पॅनेलमधलीच, त्याच लॉटची अँटिबॉडी हवी.

एफसी ब्लॉक (पेशीवरच्या, अँटिबॉडीची शेपटी पकडणाऱ्या जागा झाकणारं द्रावण) आधी, नाहीतर मोनोसाइट कुठलीही अँटिबॉडी शेपटीकडून पकडतात आणि आपण खूश होतो. मेलेल्या पेशी ओळखायला फिक्स केल्यावरही (म्हणजे पेशी रसायनाने आहेत तशा पक्क्या केल्यावरही) टिकणारा डाय घ्या, 7-एएडी इथे कामाचा नाही. आणि हो, हा डायसुद्धा एक रंगच. म्हणजे आणखी एक एकरंगी ट्यूब!

मग धुवा, 1 टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स करा, पुन्हा धुवा. एकरंगी ट्यूबही तितकाच वेळ फिक्स करा. फॉइल, लेबल, थंड डबा. गाडीचं रिझर्व्हेशन रात्रीचंच.

तिथे पोचल्यावर आधी बिनरंगाची, मग एकरंगी, मग नमुने. फाइली एफसीएसमध्येच (मशीनच्या मूळ डेटाचा फॉरमॅट) मागा, स्क्रीनचे फोटो घेऊन येऊ नका.