प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्षेत्रात प्रवेश कसा करावा

मुंबईत प्रकल्प व्यवस्थापनाचे काम शोधणारे अनेक तरुण आधी प्रमाणपत्राच्या मागे लागतात; माझ्या मते सुरुवात सध्याच्याच नोकरीतून करावी. कार्यालयाचे स्थलांतर असो वा नव्या सॉफ्टवेअरची जोडणी, कोणीही अंगावर घेत नसलेले काम मागून घ्यावे आणि पहिल्याच दिवशी एक्सेलमध्ये साधा तक्ता मांडावा: काम, जबाबदार व्यक्ती, ठरलेली तारीख आणि संभाव्य अडचण.

या शेवटच्या रकान्यातच खरे कौशल्य दिसते. समजा, अंधेरीतील गोदामाच्या छताची दुरुस्ती 30 मे रोजी संपायची आहे आणि पत्रे भिवंडीहून यायचे आहेत. ते दहा दिवस उशिरा आले, तर काम थेट पावसात सापडते. म्हणून तिथे नुसते 'पाऊस' लिहून भागत नाही. पत्रे कोणत्या तारखेपर्यंत न आल्यास दुसऱ्या पुरवठादाराला सांगायचे आणि तो निर्णय कोण घेणार, हेही नोंदवावे. मुलाखतीत असा एक तक्ता उलगडून सांगता येणे फार मोलाचे ठरते.

प्रमाणपत्रांपैकी नवख्यांसाठी पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेचे सीएपीएम हे प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र योग्य आहे. त्याला अनुभवाची अट नाही, मात्र 23 तासांचे प्रशिक्षण लागते. त्याच संस्थेच्या पीएमपी या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी पदवीधरांना प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाचा कालावधी आणि त्यातील आपली भूमिका आजपासूनच लिहून ठेवावी. सुरुवातीला 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' हे पद मिळाले, तरी ते अवश्य स्वीकारावे. बैठकीचे इतिवृत्त त्याच संध्याकाळी, प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख घालून पाठवण्याची सवय तिथेच लागते.