व्हॉयनिच हस्तलिखितातली विचित्र चिन्हं : अर्थ लावताना या चुका टाळा

येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयातलं 'एमएस ४०८', म्हणजेच अजून कुणालाच वाचता न आलेल्या अनोळखी लिपीतलं व्हॉयनिच हस्तलिखित, आता कुणालाही घरबसल्या हवं तितकं मोठं करून पाहता येतं. त्यामुळे 'कोडं सुटलं' अशी बातमी दर थोड्या दिवसांनी येतेच. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. चिन्हाचा अर्थ काय, हे आधी विचारलं जातं. ते पानावर कुठे आहे, कुणाच्या हातचं आहे आणि मुळात ते चिन्ह तरी आहे का, याची चौकशी राहूनच जाते.

शेवटचा प्रश्न उगाच विचारलेला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी १९२१ मध्ये जाहीर केलं, की प्रत्येक अक्षराच्या रेघेत सूक्ष्म खुणा दडलेल्या आहेत आणि ती ग्रीक लघुलिपी आहे. त्यावरून त्यांनी हे हस्तलिखित तेराव्या शतकातल्या इंग्लिश विद्वान रॉजर बेकनचं ठरवलं, एका सर्पिल चित्रात देवयानी तेजोमेघही पाहिला. १९३१ मध्ये अभ्यासक जॉन मॅन्ली यांनी दाखवून दिलं, की त्या 'खुणा' म्हणजे खरखरीत चर्मपत्रावर वाळून तडकलेली शाई. न्यूबोल्ड काही भाबडे गृहस्थ नव्हते. भिंगातून तासन् तास पाहत बसलं की डोळा हवं ते शोधून देतो. आज भिंगाऐवजी झूम आहे, एवढाच फरक. म्हणून एखादी बारीक खूण दिसली, तर आधी त्याच पानाची दुसरी बाजू आणि समोरचं पान उघडा. रंग आरपार उतरलेला असतो, समोरच्या पानावरून उमटलेला असतो, कधी नुसता डाग असतो. पहिल्या पानाच्या तळाशी तर सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारातल्या याकोबुस दे टेपेनेच याची पुसट सही आहे. ती अतिनील प्रकाशात नीट दिसते. ज्याच्या नावाने हे हस्तलिखित ओळखलं जातं, त्या ग्रंथविक्रेत्या व्हॉयनिचने ती वाचण्यासाठी रसायन लावलं, त्याचे डागही तिथेच आहेत. ते डाग विसाव्या शतकातले, त्यांना नक्षी समजू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो उंच अक्षरांचा. फाशीच्या खांबासारख्या आकारामुळे अभ्यासक त्यांना 'गॅलोज' म्हणतात. मुख्य प्रकार चार. त्यातले दोन मजकुरात सगळीकडे, शब्दांच्या आत सापडतात. उरलेले दोन मात्र बहुतांशी परिच्छेदाच्या पहिल्या ओळीतच येतात. काही पानांवर त्यांची वेलांटी ताणून शेजारच्या कित्येक अक्षरांवरून पलीकडे नेलेली दिसते, एक पाय इकडे नि दुसरा तिकडे. असं ताणलेलं अक्षर पाहिलं की लोक ते नवं, स्वतंत्र चिन्ह मानतात आणि त्याला ग्रह, देवता किंवा धातू चिकटवतात. पण पहिल्या ओळीच्या वर जागा मोकळी असते, तिथे हात सैल सोडता येतो. युरोपातल्या मध्ययुगीन सनदांमध्येही पहिली ओळ अशीच उंच, लांबट अक्षरांत लिहायची रीत होती. आपल्याकडे मोडी कागद चाळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का दिसला की मजकूर संपला, एवढं त्यांना कळतं. त्या शिक्क्याचं काम जागेवरून ठरतं. तो वाक्यातला शब्द समजून वाचायला गेलं तर काहीच हाती लागायचं नाही.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट : 'ही सगळी नुसती सजावट' म्हणून गॅलोज मोजणीतूनच काढून टाकणं. साधे दोन प्रकार शब्दांत इतक्या नेमाने येतात, की त्यांना वगळलं तर शब्दांची घडणच मोडते.

पुढे हात ओळखायचा प्रश्न. राशींच्या चक्रांत मीन राशीजवळ 'मार्स', पुढे 'अबेरिल' अशी महिन्यांची नावं लॅटिन लिपीत आहेत. ती लोकांना किल्लीसारखी वाटतात. पण हस्ताक्षर वेगळं आहे, ती बहुधा नंतरच्या कुणा वाचकाने लिहिली. पृष्ठांक आणि पहिल्या पानाच्या समासातली फिकट वर्णमालाही मूळ लेखनिकाची मानत नाहीत. रंगही सगळे एकाच वेळी भरले असतील असं गृहीत धरू नका. पानंसुद्धा मूळ क्रमाने नाहीत, काही गायब आहेत. मकर आणि कुंभ राशी दिसत नाहीत, कारण तिथलं पानच हरवलंय. त्यात गूढ संदेश शोधणारे आहेतच, असो.

चित्रावरून काळ ठरवण्याची घाईही नको. १९४४ मध्ये ह्यू ओ'नील या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका रोपात सूर्यफूल ओळखलं. सूर्यफूल मूळचं अमेरिकेतलं, म्हणजे ग्रंथ कोलंबसानंतरचा, असा त्याचा तर्क. पुढे २००९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात चर्मपत्राची कार्बन तपासणी झाली आणि काळ निघाला १४०४ ते १४३८. सूर्यफूल तिथेच कोमेजलं.

आता तुमच्याकडे स्वतःचा अंदाज असेल, तर तो फोलिओ ५७, म्हणजे ५७ क्रमांकाच्या पानाच्या मागच्या बाजूवर घासून बघा. तिथल्या वर्तुळात १७ चिन्हांची एक माळ चार वेळा आलेली आहे. पाहताक्षणी वाटतं, हीच वर्णमाला! मग सतराही चिन्हं बाकीच्या मजकुरात शोधायला घ्या. काही सहज भेटतात, काही जवळपास कुठेच येत नाहीत. जी अक्षरं मजकुरात वापरलेलीच नाहीत, त्यांची किल्ली कुठल्या कुलपाला लावणार? तुमच्या अंदाजात याचं उत्तर नसेल, तर 'कोडं सुटलं' हे शीर्षक तूर्त मसुद्यातच ठेवा.