छेद विचारा: मोबाइल नेटवर्क मोजण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार या विषयाची पदविका किंवा पदवी घेऊन मोबाइल नेटवर्कच्या क्षेत्रात शिरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला पहिल्यांदा ड्राइव्ह टेस्टचे काम येते. माझ्याही वाट्याला तेच आले. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचे, मांडीवर लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेले तीन फोन, टपावर चुंबकाने चिकटवलेला जीपीएस आणि हे सगळे चालते ठेवण्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर. एक फोन ठरावीक अंतराने कॉल लावतो आणि तोडतो, दुसरा सतत फाइल उतरवून घेत राहतो आणि तिसरा काहीही न करता केवळ कोणत्या सेलवर, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या कोणत्या सेवाक्षेत्रावर, बसला आहे ते सांगतो. या सगळ्याची क्षणाक्षणाची नोंद लॉग फाइलमध्ये होत राहते, आणि संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर तिचा नकाशा काढून वरिष्ठांना पाठवायचा असतो.

पुष्कळ जण या कामाकडे हलके काम म्हणून पाहतात आणि सहा महिन्यांत कार्यालयातली खुर्ची मिळावी म्हणून धडपडतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. किमान दोन पावसाळे गाडीत काढल्याशिवाय कार्यालयातल्या आकड्यांवर विश्वास कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही हे कळत नाही, आणि या क्षेत्रातले खरे शहाणपण तेवढेच आहे.

सुरुवातीला आकड्यांची भाषा अंगवळणी पडावी लागते. फोर-जीमध्ये फोनपर्यंत पोहोचणारी ताकद आरएसआरपी या नावाने डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत, मोजतात आणि ती नेहमी उणे असते. उणे ७५ म्हणजे टॉवर जवळपास समोरच, उणे ९५ म्हणजे साधारण बरे, आणि उणे ११५ च्या आसपास घराच्या आतल्या खोलीत कॉल टिकण्याची आशा फारशी नसते. हे लॉगरिदमचे माप असल्यामुळे ३ डीबी कमी होणे म्हणजे ताकद निम्मी होणे आणि १० डीबी कमी होणे म्हणजे दहावा हिस्सा उरणे, हे बोटांवर असायला हवे. फोनच्या पडद्यावरच्या दांड्या हे त्याचे फारच ढोबळ रूप आहे आणि किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोनमध्ये सारखे नसते.

ताकदीइतकेच महत्त्व एसआयएनआरला आहे, कारण त्यातून आपला सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा आणि शेजारच्या सेलच्या हस्तक्षेपापेक्षा किती वरचढ आहे ते कळते. जत्रेत कोणी कानाशी येऊन मोठ्याने बोलले तरी चहूबाजूंनी कर्णे वाजत असतील तर शब्द कळत नाहीत, तसे उणे ७० वर असलेल्या फोनचेही होते. नवख्या माणसाचा लाल-हिरव्या नकाशातला सगळा जीव आरएसआरपीवर असतो. एसआयएनआरचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवून दोन्ही एकत्र वाचण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी.

नव्या साइटची पहिली तपासणी हा शिकण्याचा सर्वांत चांगला प्रसंग असतो. टॉवरवर सहसा तीन दिशांना तीन सेक्टर असतात आणि प्रत्येकाला वेगळा पीसीआय, म्हणजे ओळखीचा क्रमांक दिलेला असतो. फोर-जीमध्ये असे क्रमांक फक्त ५०४ असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा वापरावे लागतात आणि दोन शेजाऱ्यांना एकच क्रमांक जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. टॉवरभोवती एक फेरी मारली की प्रत्येक दिशेला त्या त्या सेक्टरचा रंग उमटला पाहिजे. एकदा उत्तरेकडे दुसऱ्या सेक्टरचा आणि आग्नेयेकडे पहिल्याचा रंग येऊ लागला. कागदोपत्री सगळे बरोबर होते, एकही अलार्म नव्हता. रिगरला, म्हणजे टॉवरवर चढून काम करणाऱ्याला, वर चढवले तेव्हा दोन सेक्टरच्या केबल एकमेकींच्या जागी जोडलेल्या निघाल्या. अशी साइट चालू राहते, कॉलही होतात, पण शेजारी सेलची यादी चुकीच्या दिशेने आखली गेल्यामुळे चालत्या गाडीतले कॉल एका सेलवरून दुसऱ्यावर जाताना तुटत राहतात, आणि कार्यालयात बसलेला माणूस त्याचे कारण भलतीकडेच शोधत बसतो.

कार्यालयातले काम काउंटरवर चालते. प्रत्येक सेल स्वतःशी मोजत असतो की किती फोनांनी जोडणी मागितली, किती जणांना ती मिळाली, किती जोडण्या अवेळी तुटल्या, एका सेलवरून दुसऱ्यावर जाण्याचे, म्हणजे हँडओव्हरचे, किती प्रयत्न यशस्वी झाले आणि उपलब्ध रेडिओ क्षमतेपैकी किती वापरली गेली. हे आकडे बहुधा दर पंधरा मिनिटांनी जमा होतात आणि त्यांच्यापासून टक्केवाऱ्या, म्हणजे केपीआय, काढल्या जातात. नव्याने येणाऱ्याला या केपीआयची नावे आणि उद्दिष्टे पाठ करायला लावतात. ती पाठ होतातच, पण त्याआधी प्रत्येक सूत्राचा छेद काय आहे ते विचारावे. कॉल ड्रॉपच्या दराचा अंश म्हणजे तुटलेले कॉल आणि छेद म्हणजे प्रस्थापित झालेले कॉल. जो कॉल लागलाच नाही तो या सूत्रात वरही नाही आणि खालीही नाही. कॉल लागण्याच्या यशाच्या सूत्रातही छेद असतो तो सेलला ऐकू आलेल्या विनंत्यांचा. ज्या फोनची विनंती सेलपर्यंत पोहोचलीच नाही, तो कुठल्याही अहवालात नसतो.

सरासरीचा प्रश्नही छेदाचाच आहे. भारतातली मोबाइल सेवा २२ परवाना क्षेत्रांत विभागलेली आहे. मुंबईचे क्षेत्र वेगळे आहे, आणि महाराष्ट्राच्या क्षेत्रात गोव्यापासून गडचिरोलीपर्यंतचा मुलूख येतो. एवढ्या मोठ्या क्षेत्राची एकच सरासरी काढली की पुण्या-नाशकातले असंख्य कॉल एकीकडे आणि सह्याद्रीतल्या वाड्यांमधले मोजके कॉल दुसरीकडे, असे ते वजन होते, आणि त्यात वाडी कुठे बुडाली ते दिसतही नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, कॉल ड्रॉपसाठी क्षेत्राच्या सरासरीऐवजी वितरणावर आधारलेले माप लागू केले, तो बदल मला फार मोलाचा वाटतो. त्यातल्या एका मापाचा तेव्हाचा अर्थ असा होता, की तिमाहीतल्या किमान ९० टक्के दिवशी किमान ९० टक्के सेलचा ड्रॉप दर २ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. चांगल्या सेलच्या पुण्याईवर वाईट सेल झाकण्याची सोय त्यामुळे बरीच कमी झाली. तरीही उरलेल्या थोड्या टक्क्यांत कोण राहते, हा प्रश्न काम करणाऱ्याने स्वतः विचारावा लागतो.

तासाचा छेदही तसाच पाहावा. आषाढी एकादशीच्या आसपास पंढरपुरातल्या सेलचा दिवसभराचा सरासरी वापर पाहून काहीही समजत नाही. पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात माणूस दिसेनासा होईल अशी गर्दी होते तेव्हा सिग्नल उणे ६५ वर असूनही फोन लागत नाही, कारण तिथे क्षमता संपलेली असते. त्यासाठी गर्दीच्या तासाचे आकडे वेगळे काढावे लागतात आणि चाकांवरचे तात्पुरते टॉवर आधीच उभे करावे लागतात.

छेदाबद्दलचा माझा हा आग्रह ज्या प्रसंगातून आला तो सविस्तर सांगतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या एका गावातून तक्रार येत होती, की फोनवर रेंज चांगली दिसते पण फोन लागत नाही. गावाला सेवा देणारा टॉवर डोंगराच्या एका सोंडेपलीकडे पाच-सहा किलोमीटरवर होता आणि त्याचे सगळे केपीआय उत्तम होते. तक्रार तीनदा ‘नेटवर्क सुस्थितीत’ असा शेरा मारून बंद करण्यात आली होती, आणि त्यातला एक शेरा माझ्याच हातचा होता, याची खंत मला आजही आहे. चौथ्यांदा तक्रार आली ती गावातल्या शाळेच्या बाईंची. त्यांनी लिहिले होते, की आदल्या रात्री एका बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका बोलवायला दोन माणसांना अंधारात टेकडी चढून जावे लागले.

मी लॅपटॉप घेऊन गावात गेलो. मंदिराच्या ओट्यावर फोन ठेवला तर उणे ९४, म्हणजे कॉल लागायला काहीच हरकत नसावी इतकी ताकद. पण पीसीआय सोंडेपलीकडच्या टॉवरचा नव्हता. यादी धुंडाळली तेव्हा तो क्रमांक जलाशयाच्या खालच्या अंगाला, उंच कड्यावर असलेल्या एका साइटचा निघाला. नकाशावर पट्टी लावली तर अंतर १८ किलोमीटर. मधे सगळे पाणीच पाणी, अडवायला झाड नाही की टेकडी नाही, त्यामुळे त्या सेक्टरचा सिग्नल पाण्यावरून सरकत थेट गावापर्यंत येत होता. शेजारच्या टॉवरचा सिग्नल सोंड ओलांडून येईपर्यंत उणे ९९ होत होता आणि फोन स्वाभाविकपणे जास्त ताकदीकडे झुकत होता.

मग कॉल लावला आणि लॉगमध्ये एकेक ओळ पाहत बसलो. फोन जोडणीसाठी पहिली हाक मारतो तिला रँडम अ‍ॅक्सेस म्हणतात. एक हाक गेली, उत्तर नाही. ताकद वाढवून दुसरी गेली, उत्तर नाही. असे दहा वेळा झाले आणि फोनने हात टेकले. कारण हिशेबात होते. त्या सेलवर या हाकेचा जो नेहमीचा प्रकार वापरला होता त्यात जाऊन-येऊन होणाऱ्या विलंबासाठी सुमारे ९७ मायक्रोसेकंदांची जागा सोडलेली असते, म्हणजे सेलची मर्यादा जेमतेम साडेचौदा किलोमीटर. १८ किलोमीटरवरच्या फोनला हा विलंब १२० मायक्रोसेकंदांचा होतो. गावाला टॉवर ऐकू येत होता, टॉवरला गाव ऐकू येत नव्हते. हाकच पोहोचत नसल्याने विनंतीची नोंद नव्हती, विनंती नसल्याने अपयश नव्हते, आणि म्हणून दोन्ही साइटचे अहवाल निर्मळ होते.

उपाय सांगायला सोपा होता, पटवून द्यायला कठीण. कड्यावरच्या त्या सेक्टरचा टिल्ट, म्हणजे अँटेनाचा खाली झुकाव, २ अंशांवरून ८ अंशांवर न्यायचा आणि अँटेना पाण्याच्या रेषेतून सुमारे ४० अंश बाजूला वळवायची, म्हणजे गावात पोहोचणारी त्याची ताकद शेजारच्या टॉवरच्या खाली जाईल. कड्याच्या पायथ्याच्या वस्तीचे काय होईल हा प्रश्न वरिष्ठांनी विचारला आणि तो अगदी रास्त होता, म्हणून तिथे आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा गाडी फिरवून दाखवली. बदलाची आधीची आणि नंतरची नोंद एकाच रस्त्यावर, एकाच फोनने आणि शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी घ्यावी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

या कामाची तयारी कशी करावी असे मला विचारतात त्यांना मी पहिल्यांदा थ्री-जीपीपी या मोबाइल नेटवर्कची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेची प्रमाणके वाचायला सांगतो. ती कोणालाही विनामूल्य मिळतात, वाचायला रूक्ष आहेत, पण लॉगमधल्या संदेशांचा क्रम त्यांच्याशी ताडून पाहिला की जे कळते ते कुठल्याही प्रशिक्षणवर्गात कळत नाही. एक्सेल चांगले यावेच, आणि हजारो सेलच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी हाताळायच्या असल्याने एसक्यूएल आणि थोडे पायथनही यावे. ड्राइव्ह टेस्टची सॉफ्टवेअर महाग असतात आणि ती नोकरीतच हाताळायला मिळतात, पण आरएसआरपी, पीसीआय आणि बँड, म्हणजे वारंवारितेचा पट्टा, दाखवणारी साधी अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर फुकट चालतात. घरापासून कॉलेजपर्यंत एसटीने जाताना आठवडाभर त्यांची नोंद ठेवा आणि फोन कुठे सेल बदलतो ते कागदावर काढा. मुलाखतीत हा कागद प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो, हे मी मुलाखती घेणारा म्हणून सांगतो आहे.

फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात सुरू झाले तरी फोर-जीचा पाया कच्चा ठेवून चालणार नाही. नॉन-स्टँडअलोन पद्धतीत फाइव्ह-जीची जोडणी फोर-जीच्या आधारानेच उभी राहते, त्यामुळे पडद्यावर फाइव्ह-जी दिसत असताना दोष खालच्या फोर-जी सेलचा असतो, असे अनेकदा आढळते.

शिवसागराच्या काठावर टिल्ट बदलल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या बाईंना फोन केला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. त्या म्हणाल्या, ‘साहेब, रेंज एक दांडी कमी झाली आहे, पण फोन लागतो.’ पुढच्या आठवड्याच्या बैठकीत सोंडेपलीकडच्या टॉवरचा ड्रॉप दर किंचित वाढलेला दिसला आणि त्याचे लेखी स्पष्टीकरण माझ्याकडे मागण्यात आले. मी ड्रॉप दराच्या शेजारी त्या सेलवर प्रस्थापित झालेल्या कॉलची आधीची आणि नंतरची संख्या मांडली. वाढलेले कॉल त्या गावाचे होते. सोंडेआडून उणे ९९ वर बोलणाऱ्यांचे काही कॉल तुटत होते, आणि ते तुटण्याइतपत लागत होते म्हणूनच पहिल्यांदा मोजले गेले होते.