धुऱ्यावरच्या ट्रायलमध्ये या चुका टाळा

सोयाबीन निघालं की गावोगावी एकच वाद रंगतो. एक कास्तकार म्हणतो, जैव-उत्तेजकाच्या बाटलीनं एकरी दोन क्विंटल वाढले; दुसरा म्हणतो, बाटलीत नुसतं पाणी होतं. दोघांनीही काट्यावर काही मोजलेलं नसतं. जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ सुधारावी म्हणून फवारायची द्रव्यं, २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली, त्यामुळे लेबलवर आता माहिती जास्त असते. पण परवाना मिळाला म्हणून माल तुमच्या वावरात पैसे फेडेलच असं नाही. ते तिथंच ट्रायल घेऊन पाहावं लागतं, आणि पाहताना लोक त्याच त्याच चुका करतात.

वावराचे दोन तुकडे करणं

अर्ध्यात औषध, अर्ध्यात काही नाही. ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत महागात पडते. यवतमाळ-वर्धा भागातलं वावर क्वचितच एकसारखं असतं. वर बरड, दोन विती खणलं की मुरूम. खाली नाल्याकडे काळी भारी जमीन. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की वरचं पीक दुपारी मान टाकतं, खालचं ताठ उभं असतं.

एका पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात असंच झालं. कंपनीच्या माणसानं रस्त्याकडचा खालचा तुकडा निवडला, कारण पिवळी पाटी तिथून दिसते. वेचण्या संपल्या तेव्हा फवारलेल्या तुकड्याची झडती, म्हणजे उत्पन्न, एकरी दीड क्विंटलनं जास्त. मग मेळावा झाला, पोहे झाले, गावात बाटल्या खपल्या. पुढच्या खरिपात त्याच वावरात सोयाबीन होतं, कुठंही काही फवारलं नव्हतं, तरी खालचाच तुकडा पुढे. म्हणजे आदल्या वर्षी जमीन मोजली गेली होती. बाटलीनं काही दिलं की नाही, हे त्या ट्रायलवरून सांगताच येत नाही. ‘दिलं नाही’ असंही नाही. शेजाऱ्याच्या वावराशी किंवा मागच्या सालाशी तुलना करणं याहून वाईट.

उपाय म्हणजे जोड्या. पेरणी उताराला आडवी असेल, आणि ती तशीच असावी, तर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जमिनीचा फरक फार पडत नाही. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर असेल तर १२ तासांचा (ओळींचा) एक पट्टा धरा, लांबी ६० मीटर. दोन पट्ट्यांची एक जोडी: एकात औषध, दुसऱ्यात त्याच पंपानं, त्याच दिवशी, तेवढंच साधं पाणी. अशा सहा जोड्या साधारण एका एकरात बसतात. प्रत्येक जोडीत औषध वरच्या पट्ट्यात की खालच्या, हे नाणं उडवून ठरवा. मनानं ठरवलं की हात आपोआप चांगल्या जागेकडे जातो. खुंटांवर फक्त आकडे लिहा आणि कोणत्या आकड्याला काय दिलं ती चिठ्ठी वजन होईपर्यंत घरी ठेवा. पाटी लावायचीच असेल तर माप झाल्यावर लावा.

सहा जोड्या कशाला, तीन पुरेत, असं उतावीळ लोक म्हणतात. औषध पूर्ण निकामी असलं तरी तीन जोड्यांत तिन्ही वेळा ते पुढे दिसण्याची शक्यता आठात एक आहे. सहा जोड्यांत सहाही वेळा पुढे दिसण्याची चौसष्टात एक. सहात पाच वेळा जिंकलं तर नाचू नका. किमान पाच जिंकणं निव्वळ नशिबानंही साधारण नवात एकदा होतं. पुढच्या साली पुन्हा लावा. तसंही कोरड्या सालातला निकाल ओल्या सालाला लागू पडेलच असं नाही.

पोत्यांवर हिशेब

‘इकडे सात कट्टे, तिकडे साडेसहा.’ कट्टा किती भरला, कोणी भरला, माल किती ओला, काही पत्ता नाही. एवढ्या ढोबळ मापात बाटलीचा फरक दिसणारच नाही. कसा ते पाहा.

कडेचे दोन-दोन तास सोडा, कारण फवारा तिथपर्यंत उडतो. मधले आठ तास सोंगा (कापा). ३.६ गुणिले ६० म्हणजे २१६ चौरस मीटर. एकरी आठ क्विंटलचं पीक असेल तर त्यातून साधारण ४३ किलो दाणा निघेल. आता समजा बाटली ९०० रुपयांची आणि फवारणीची मजुरी ३००. २०२५-२६ च्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपये धरून, खर्च निघायला एकरी साडेबावीस किलो जास्त पिकायला हवेत. एका पट्ट्यात ते होतात फक्त १.२ किलो. बाजारात हमीभावापेक्षा कमी मिळाला तर आणखी थोडे जास्त.

आता ओलावा. १२ टक्के ओलाव्याचा ४३ किलो माल १५ टक्क्यांवर तोलला तर साडेचव्वेचाळीस किलो भरतो. दीड किलोचा फरक नुसत्या पाण्याचा, बाटलीकडून मागितलेल्या फरकापेक्षा मोठा! एक पट्टा सकाळच्या दवात सोंगला आणि दुसरा दुपारी, तर निकाल तिथंच बिघडला. म्हणून जोडीतले दोन्ही पट्टे एकाच दिवशी सोंगा, गंज्या वेगळ्या ठेवा आणि एकामागून एक काढा. मधे थ्रेशर दोन मिनिटं रिकामं चालू द्या, पोटात अडकलेले दाणे बाहेर पडतात. प्रत्येक पट्ट्याचा मूठभर नमुना घट्ट पिशवीत बांधून व्यापाऱ्याच्या ओलावा-मीटरवर पाहून घ्या. मग वजन गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८८; सगळे पट्टे १२ टक्क्यांवर येतात. काटा ५० किलोचा, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की झालं.

पऱ्हाटीत सगळ्या वेचण्यांची बेरीज करा. पहिल्या वेचणीवर निकाल लावणारे फसतात. एखाद्या औषधानं बोंडं नुसती लवकर फुटतात आणि शेवटची बेरीज तेवढीच राहते. जोडीतल्या दोन्ही पट्ट्यांत वेचणारी बाई एकच असू द्या.

बाकीच्या चुका

बाटलीसोबत ‘जरासा’ युरिया. १५ लिटरच्या पंपात ३०० ग्रॅम म्हणजे दोन टक्के युरिया, पान हिरवं व्हायला तेवढं पुरे. मग कौतुक बाटलीचं होतं. पंपात जे काही जास्तीचं जाईल, कीटकनाशकसुद्धा, ते बिनऔषधाच्या पट्ट्यातही तेवढंच गेलं पाहिजे. आणि पाच-पाच औषधांचं कॉकटेल ट्रायलमध्येच काय, कुठंच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरायला नको.

हिरवेपणावरून, फोटोवरून किंवा निवडक दहा झाडांच्या शेंगा मोजून निकाल लावणं: वेळ वाया. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी फरक विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

धुऱ्यालगतचे तास आणि बाभळीच्या सावलीतले तास ट्रायलमध्ये घेऊ नका.

तणनाशकाचा पंप वापरू नका. २,४-डीचा अंश जरी राहिला तरी पऱ्हाटीची पानं बोटांसारखी चिरतात.

फवारल्यावर लगेच पाऊस आला तर वेळ लिहून ठेवा. वही नसेल तर धुऱ्यावरून मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवा, तेही चालतं.

रोही किंवा रानडुकरांनी एखादा पट्टा तुडवला तर पूर्ण जोडी काढून टाका, नुसता तो पट्टा नाही. आणि हे सोंगणीआधी ठरवा. वजन पाहिल्यावर प्रत्येकाला नको असलेल्या पट्ट्यातच डुकरांचे पाय दिसतात.