भाकरी खाऊनही पोट बिघडतंय? ग्लुटेनच्या या चुका टाळा

"आम्ही तर पोळी बंदच केलीय, तरी पोराचं पोट दुखतंय." सिलिॲकचं (गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते, तो आजार) निदान नुकतंच झालेल्या घरांतून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी ताटात काय असतं ते विचारतच नाही. दळण कुठून आणता, एवढंच विचारते.

आपण मराठवाड्यातली माणसं, आपल्याला वाटतं भाकरीच्या मुलखात कसली भीती! ज्वारीत ग्लुटेन नसतं हे खरंच. पण ज्वारी गिरणीतून येते ना.

माझ्या मुलाचं निदान झालं तेव्हा आम्ही परभणीत होतो. त्याच दिवशी पोळ्या बंद. आठ महिने शाळूची भाकरी, भात, वरण. तरी रक्तातली टीटीजी, म्हणजे सिलिॲकमध्ये वाढणारी अँटिबॉडी, उतरेना. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय. मी पोरावरच संशय घेतला. शाळेत दुसऱ्याचा डबा खातोस म्हणून दोनदा बोलले, ते आजही सलतं. मग एके दिवशी दळण ठेवून परत न येता गिरणीत उभी राहिले. माझ्या आधी कुणाचे तरी पायलीभर गहू निघाले. गिरणीवाल्यानं कापडी नळी दोनदा झटकली आणि त्याच चक्कीत माझी ज्वारी ओतली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कशाला भ्यायलाव ताई, पहिलं मूठभर बाजूला काढतो की."

आता हिशेब करा. रोज 50 मिलीग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी सिलिॲकवाल्याच्या आतड्याला इजा होऊ शकते. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन. म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ, चिमूटभर! चक्कीच्या दगडांत अडकलेला गहू मूठभर ज्वारीनं धुऊन निघत नाही. 'सकाळी पहिलं दळण आमचंच टाकतो' म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं: कालचा गहू रात्रीतून कुठं जातो?

मी घरघंटी घेतली. तिच्यात ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, बस. शेजारणीला 'एकदाच' म्हणूनही गहू दळू दिला नाही, त्यावरून थोडी बोलाचाली झाली, चालायचंच. ज्वारी मात्र आधी ताटात पसरून निवडते. मळणी यंत्र गव्हालाही तेच असतं, पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात.

दुसरा चोर फोडणीत. बाजारातला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचंच निघतं. डबीवरची बारीक अक्षरं वाचा. सुटा हिंग घेऊच नका, त्यावर वाचायला काही नसतं. मी हिंग सोडूनच दिला. जिरं-लसणावर आमचं वरण छान होतं.

येसर! लग्नाच्या पंगतीत 'आमटीच तर आहे' म्हणून वाढतात. येसरात बहुतेक घरी गहू भाजून घालतात. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. धपाट्यात तर कणिक असतेच.

कुरडया गव्हाच्या चिकाच्या. त्या तळलेल्या तेलात साबुदाण्याच्या पापड्या तळू नका. पोळीचा तवा, पोळपाट, कणकेची चाळणी, सगळं वेगळं. चाळणी घासून साफ होते यावर माझा विश्वास नाही. दुधात घालायच्या पावडरींत माल्ट असतं, म्हणजे बार्ली. सोया सॉसमध्ये गहू. औषधाच्या गोळीतला स्टार्च कशाचा, ते औषधवाल्याला विचारा.

खपली गहू चालतो, असं कुणीतरी दर आठवड्याला सांगतंच. चालत नाही. खपलीही गहूच.

आणि घाईवाल्यांसाठी. मोबाइलवर काहीतरी पाहून गहू बंद करायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला जायचं, हा उलटा कारभार. गहू थांबवला की अँटिबॉडी उतरू लागतात, मग रिपोर्ट नॉर्मल येऊन आजार झाकला जाऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. पथ्य सुरू केल्यावर पंधरा दिवसांत 'काहीच फरक नाही' म्हणून फोन करू नका. घरघंटी आल्यावरही आमची टीटीजी नॉर्मल व्हायला वर्ष गेलं.